नुसतं फिरून माळ वाचत नाही

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आई आमच्याकडे शिकागोला आली होती. तिचं माहेर करमाळ्याकडचं, सगळं लहानपण कोरडवाहू रानात गेलेलं. इथली मोठी दुकानं, मिशिगन सरोवर, शहरातल्या उंच इमारती हे सगळं तिनं मुकाट्यानं बघून घेतलं. मग एका शनिवारी मी तिला घराजवळच्या प्रेअरीवर, म्हणजे इथल्या गवताळ माळावर नेलं. तिथं महिन्यातून एकदा निसर्गफेरी असते. माहिती सांगणाऱ्या बाई पुढं आणि मागून आम्ही पंधरा-वीस माणसं, असं गवतातून फिरायचं. सप्टेंबरात ते गवत आईच्या डोक्यावरून गेलेलं. बाई बिग ब्लूस्टेम नावाच्या गवताबद्दल सांगत होत्या, की त्याच्या तुऱ्याला तीन फाटे फुटतात आणि तो टर्कीच्या पायासारखा दिसतो. आईला त्यातलं काही कळत नव्हतं. तिनं एक तुरा बोटांत धरून निरखला, मग वाकून ताटाच्या पेरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "अगं, ही आपली मारवेलच की. फक्त हिच्या पेराला लव नाही."

तिचं बरोबर होतं. मारवेल, कुसळी, ज्वारी, ऊस, मका आणि हे इलिनॉयचं उंच गवत ही सगळी गवतांच्या एकाच घराण्यातली भावंडं आहेत. मारवेलीच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, बिग ब्लूस्टेमचं पेर बहुधा गुळगुळीत असतं. पुस्तकातला हा फरक आईनं अंगठ्यानं ओळखला.

फेरी संपली. लोकांनी बाईंचे आभार मानले, फोटो काढले आणि गाड्यांत बसून निघून गेले. आई मात्र वाटेच्या कडेला उभी राहून गवतात शिरलेल्या झुडपांकडे बघत होती.

"ही कोण काढतं?"

मी म्हटलं, "काही लोक शनिवारी सकाळी येतात, ते काढतात."

"आणि हे आत्ता गेले ते?"

"ते बघायला आले होते."

आई पुढं काही बोलली नाही. पण त्या वेळी मीसुद्धा कित्येक वर्षं नुसती बघायलाच येत होते, आणि हे तिच्यापेक्षा मला जास्त लागलं. त्या हिवाळ्यापासून मी शनिवारच्या कामाला जाते. आज जे मांडायचं आहे ते या तीन वर्षांत हळूहळू पटत गेलेलं आहे. प्रेअरीसारख्या जागी निसर्गफेरी आणि श्रमदान ही दोन वेगळी खाती ठेवणं ही मोठी चूक आहे. फेरीला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला जायच्या आधी थोडं तरी काम मिळालं पाहिजे. आणि जिथं झुडपांवर करवत चालवायची, तिथल्या शेजाऱ्यांना आधी फेरीला बोलावलं पाहिजे. ज्या सार्वजनिक संस्थांच्या ताब्यात या जमिनी आहेत, त्यांनी हे कुणाच्या हौसेवर न सोडता आपल्या कामाचा भाग करावं आणि त्यासाठी पगारी माणसं नेमावीत.

हे इतकं ठासून का म्हणायचं, ते कळायला ही जमीन काय होती ते बघावं लागतं. इलिनॉयला अजूनही प्रेअरीचं राज्य म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी इथं सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. आज त्यातली चांगल्या अवस्थेतली, कधी न नांगरलेली प्रेअरी उरली आहे ती अडीच हजार एकरांच्या आसपास. म्हणजे नऊ हजार एकरांमागे जेमतेम एक. १८३७ साली याच राज्यात ग्रँड डीटूर या गावी जॉन डीअर नावाच्या लोहारानं पोलादी फाळाचा नांगर घडवला. त्याआधीच्या नांगराला इथली काळी माती चिकटून बसायची आणि मुळांचं जाळं फाटता फाटायचं नाही. पोलादी फाळाला माती चिकटेना. पुढच्या पन्नासेक वर्षांत जवळजवळ सगळा माळ मका आणि गव्हाखाली गेला. लेडप्लँट नावाचं एक झुडूप इथं उगवतं. नांगर चालताना त्याची चिवट मुळं बुटाच्या नाड्या तुटल्यासारखी तटातट तुटायची, म्हणून शेतकऱ्यांनी त्याचं नावच 'प्रेअरीची नाडी' ठेवलं होतं.

जे वाचलं ते नांगर जिथं पोहोचला नाही तिथं वाचलं. रेल्वेच्या रुळांकडेच्या पट्ट्यांत, आणि पहिल्या वसाहतवाल्यांच्या दफनभूमींत. वेस्टन सिमेट्री प्रेअरी फक्त पाच एकरांची आहे. चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन, मधे थडगी आणि त्यांच्या भोवती शेकडो वर्षांचा माळ. आपल्याकडे देवाच्या धाकानं देवराया राहिल्या. इथं मेलेल्यांच्या आदरानं प्रेअरीचे तुकडे राहिले.

एवढं कळल्यावर कुणालाही वाटेल की आता या तुकड्यांना कुंपण घाला आणि निसर्गाला त्याचं त्याचं बघू द्या. मलाही तसंच वाटायचं. हा समज इतका गोड आहे की तो सोडवत नाही, पण तो खोटा आहे. प्रेअरी ही माणसाशिवाय आपोआप राहिलेली जागा कधीच नव्हती. पोटावाटोमी आणि इथले इतर मूळ रहिवासी हजारो वर्षं हा माळ पेटवत आले. शिकारीसाठी, वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून, नवी कोवळी पालवी फुटावी म्हणून. गवताचं बहुतेक सगळं धन जमिनीखाली असतं. वरचं पान जळलं तरी त्याचे डोळे मातीत सुरक्षित असतात, पंधरा दिवसांत हिरवं लुसलुशीत परत वर येतं. झुडपाचे डोळे मात्र फांदीवर, उघड्यावर. आगीत तेच मागं हटतं. १८३३ च्या शिकागो तहानंतर पोटावाटोमींना मिसिसिपीच्या पलीकडे हाकलण्यात आलं. माणसं गेली, त्यांच्याबरोबर आगही गेली. नांगरानं जे नेलं नाही ते मग झुडपांनी न्यायला सुरुवात केली. म्हणून आज जो कोणी म्हणतो की 'इथं माणसानं हात लावू नये', तो नकळत या माळाची राखण करणाऱ्या लोकांनाच इतिहासातून पुसून टाकतो.

आता आमच्या झुडपांविषयी. सगळ्यांत चिवट शत्रू म्हणजे बकथॉर्न. युरोपातून कुंपणाला म्हणून आणलेलं. शिकागो परिसरातल्या झाडांची गणना झाली तेव्हा संख्येनं पहिला नंबर याचाच लागला. ओक किंवा मेपलचा नाही. वसंतात ते सगळ्यांच्या आधी पानावर येतं आणि हिवाळ्याच्या तोंडापर्यंत पान सोडत नाही. नोव्हेंबरात सगळं रान तपकिरी पडलेलं असताना जो हिरवा पट्टा दिसतो, तो बहुतेक त्याचाच. त्याच्या सावलीत गवत जगत नाही, ओकची रोपंही जगत नाहीत. काळी फळं पक्षी खातात आणि बिया चहूकडे टाकतात. कापलं आणि सोडून दिलं तर एका बुंध्यातून दहा फुटवे येतात.

जानेवारीतल्या एका शनिवारचं काम सांगते. सकाळचे नऊ, थंडी उणे आठ, जमीन दगडासारखी. थंडीतच काम करायचं, कारण तेव्हा पायाखालचा माळ झोपलेला असतो आणि तुडवला जात नाही. कुणी लांब दांड्याची कात्री घेतं, कुणी धनुष्याच्या आकाराची करवत. मी पहिल्यांदा बकथॉर्नच्या मनगटाएवढ्या खोडावर करवत चालवली तेव्हा आतली साल केशरी निघाली, हळद लावल्यासारखी. तीच त्याची ओळख. खोड पडलं की एकजण मागून येतो आणि उरलेल्या बुंध्याच्या कडेला तणनाशकाचं बोट फिरवतो. त्यात निळा रंग कालवलेला असतो, म्हणजे कुठला बुंधा झाला आणि कुठला राहिला ते कळतं. हे काम वाटेल त्यानं करून चालत नाही. इलिनॉयमध्ये सार्वजनिक जमिनीवर तणनाशक वापरायला परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. फांद्या ओढत न्यायच्या आणि शेकोटीवर टाकायच्या. अकरा वाजता सगळे त्या शेकोटीभोवती कॉफी घेऊन उभे राहतात. आमच्या गटाच्या प्रमुख सत्तरी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत. त्या मला म्हणाल्या होत्या की पहिली पाच वर्षं आपण काय कापतोय ते दिसतं, पुढं आपण काय उघडलंय ते दिसायला लागतं. मला तिसऱ्याच वर्षी दिसलं. जिथं आम्ही बकथॉर्न काढलं होतं, तिथं कुणी न पेरता शूटिंग स्टारची गुलाबी फुलं आली होती. बकथॉर्नच्या काळोखात ती रोपं कशीबशी तग धरून असावीत.

मराठी वाचकाला हे जरा खटकेल, मला ठाऊक आहे. आपण कुऱ्हाडबंदीच्या गोष्टी ऐकत मोठे झालो. हिवरे बाजारच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी आहे आणि श्रमदानही आहे. त्या उघड्या डोंगरांसाठी ती बरोबरच होती. पण 'झाड तोडणारा तो वाईट' हे सूत्र जगातल्या प्रत्येक जमिनीला लागू पडत नाही. माळावर झाड हेच अतिक्रमण असू शकतं. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. आणि इथंच फेरीचं खरं काम सुरू होतं.

शिकागोच्या लोकांनी याची मोठी किंमत मोजली आहे. १९७७ मध्ये शिकागो नदीच्या उत्तर फाट्याच्या काठानं स्टीफन पॅकार्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी शनिवार-रविवारी प्रेअरीचे तुकडे साफ करायला, बी गोळा करून पेरायला सुरुवात केली. शिकागोच्या जिल्ह्याच्या, म्हणजे कुक काउंटीच्या राखीव वनांत हे काम वाढत गेलं, शेकडो स्वयंसेवक तयार झाले. हे जगातल्या थोड्या मोठ्या लोकचळवळींपैकी एक आहे असं मी मानते. पण १९९६ मध्ये शेजारच्या वस्त्यांतल्या लोकांनी आवाज उठवला. आमच्या घरामागची धडधाकट झाडं कुणाला विचारून तोडली? विष का फवारलं? धूर का केला? हरणं का मारता? वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली, आणि त्या सप्टेंबरात काउंटीनं पुनरुज्जीवनाचं सगळं कामच थांबवलं. बऱ्याच ठिकाणी ही बंदी पुढं टप्प्याटप्प्यानं उठली, काही जागी मात्र ती कित्येक वर्षं राहिली. तेवढ्या काळात बकथॉर्न थांबलं नव्हतं.

स्वयंसेवकांच्या बाजूचे लोक हा प्रसंग अडाणी शेजाऱ्यांची गोष्ट म्हणून सांगतात. मला तो तसा वाटत नाही. ज्या बाईनं वीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो हिरवा पडदा बघितला, तिला एका सोमवारी तिथं नुसते निळे बुंधे दिसले तर तिनं काय समजायचं? तिला कुणी कधी गवतात नेलंच नव्हतं. काम करणाऱ्यांना वनस्पतींची शंभर नावं पाठ होती, पण कुंपणापलीकडच्या घरातल्या माणसाचं नाव माहीत नव्हतं. फेरीशिवाय काम केलं की असं होतं.

आणि कामाशिवाय नुसत्या फेऱ्या केल्या की काय होतं, ते मी स्वतःवरून सांगू शकते. मी नऊ-दहा फेऱ्या केल्या असतील. नावं ऐकली, विसरले. फोटो काढले, ते फोनमध्ये पडून आहेत. माळ मला आवडायचा, पण त्याला काही झालं असतं तर मी हळहळण्यापलीकडे काही केलं नसतं. रॉकफर्डच्या विमानतळाच्या हद्दीत बेल बोल नावाची जुनी, खडकाळ मातीवरची प्रेअरी होती. २०२१ मध्ये विमानतळाच्या विस्ताराचं काम तिच्यापर्यंत आलं तेव्हा बहुतेकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं. मीही त्यातलीच. रस्टी पॅच्ड बम्बल बी ही २०१७ पासून संकटग्रस्त यादीत असलेली भुंग्यासारखी मधमाशी तिथं दिसली, काम काही काळ थांबलं, लोकांनी पत्रं लिहिली, मोर्चे काढले. मार्च २०२३ मध्ये तिथं बुलडोझर फिरला. ज्या थोड्या लोकांना ती जागा आतून ठाऊक होती, ते शेवटपर्यंत लढले. पण ते थोडेच होते. माझ्यासारख्या हजारोंनी सही केली आणि पुढच्या कामाला लागलो.

हाताला काम लागलं की माणूस जागेशी वेगळा बांधला जातो, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. एक उदाहरण देते. प्रेअरी व्हाइट फ्रिंज्ड नावाचं पांढरं, झालरीसारख्या पाकळ्यांचं ऑर्किड १९८९ पासून संघीय संरक्षित यादीत आहे. त्याचं परागीभवन रात्री फिरणारे हॉक मॉथ नावाचे मोठे पतंग करतात. ज्या छोट्या तुकड्यांत पतंग पुरेसे उरले नाहीत, तिथं जुलैमध्ये स्वयंसेवक गुडघ्यावर बसून टूथपिकनं ते काम करतात. एका फुलातली परागांची चिकट गाठोडी टूथपिकच्या टोकावर उचलायची आणि दुसऱ्या रोपाच्या फुलाला नेऊन लावायची. मी गेल्या वर्षी पहिल्यांदा केलं तेव्हा श्वास रोखून धरला होता. डास कानाशी गुणगुणत होते, आणि टोकावर मोहरीच्या दाण्याएवढं पिवळं काहीतरी चिकटलेलं. त्या फुलाची बोंडं धरली की नाही ते बघायला मी ऑगस्टमध्ये दोनदा जाऊन आले. फेरीतल्या कुठल्या फुलाला बघायला मी अशी परत गेले नव्हते. शिकागो बोटॅनिक गार्डनच्या देखरेखीखाली २००१ पासून स्वयंसेवक दुर्मीळ वनस्पतींची मोजदाद करतात, तीही असंच परत परत जाऊन. इतकी बारीक माहिती इतकी वर्षं गोळा करायला पगारी माणसं कुणीच नेमली नसती.

याच्यावर आक्षेप आहेत, आणि ते फुटकळ नाहीत. पहिला म्हणजे फेरीला आलेल्या नवख्या माणसांना काम दिलं की ते चुकीचं रोप उपटतील, माळ तुडवतील. खरं आहे. म्हणून काम निवडून द्यायचं. मे महिन्यात गार्लिक मस्टर्ड नावाचं तण उपटायचं. पान चुरगळलं की लसणाचा वास येतो, लहान मुलगासुद्धा चुकत नाही. जुलैत पांढरा स्वीट क्लोव्हर, ऑक्टोबरात बी गोळा करणं. बी काढणं तर आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या सुनेला शिकवावं लागणार नाही. ताट डाव्या हातात धरायचं आणि उजव्या मुठीनं वर ओरबाडत न्यायचं. करवत, तणनाशक आणि आग यांच्यापाशी प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणाला जाऊ द्यायचं नाही, आणि आजही जाऊ देत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. हे फुकटचे मजूर वापरणं नाही का? सरकारनं पगार देऊन करायचं काम निवृत्त मास्तरांकडून करून घ्यायचं? याच्याशी मी निम्मी सहमत आहे. स्वयंसेवक आहेत म्हणून कर्मचारी कमी करणाऱ्या संस्थेविरुद्ध मी स्वतः सभेत उभी राहीन. पण कुक काउंटीच्या राखीव वनांची जमीनच सत्तर हजार एकरांच्या घरात आहे. तेवढ्या जमिनीवरचा प्रत्येक बुंधा ओळखणारा नोकरवर्ग कुठलीच काउंटी ठेवणार नाही, आणि ठेवला तरी लोकांचं नातं त्या जमिनीशी जडणार नाही. पगारी माणूस हवा तो या दोहोंना जोडायला. फेरी आखणारा, शेजाऱ्यांच्या घरी जाणारा, हत्यारं आणि विमा बघणारा, नव्या माणसाला शनिवारी हाताला धरून शिकवणारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये कुक काउंटीच्या मतदारांनी मोठ्या बहुमतानं या राखीव वनांसाठी स्वतःवर वाढीव मालमत्ता कर लावून घेतला. लोक पैसे द्यायला तयार आहेत. तो पैसा यंत्रं आणि ठेकेदारांबरोबर अशा माणसांवरही खर्च झाला पाहिजे.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा दुखणं आहे. शनिवारच्या कामाला येणारे बहुतेक गोरे, निवृत्त, गाडी असलेले लोक असतात. आम्ही स्थलांतरित सहलीला येतो, शेगड्या पेटवतो, क्रिकेट खेळतो, आणि गवताच्या कडेनं निघून जातो. हे आमच्या आळसामुळं होत नाही. फेरीची सूचना आमच्यापर्यंत येत नाही, आली तर ती अशा भाषेत असते की हे आपलं नव्हे असं वाटतं. माझ्या आईला त्या दिवशी कुणी मराठीत, किंवा दुभाष्याच्या मदतीनं, विचारलं असतं की तुमच्याकडे या जातीचं गवत काय नावानं ओळखतात, तर त्या फेरीतल्या सगळ्यांना तिच्याकडून शिकायला मिळालं असतं. तिला मारवेल जनावराला कधी घालावी, कधी कापावी, कुसळीचं कुसळ पोटात टोचू नये म्हणून ती कधी टाळावी हे सगळं माहीत आहे. शिकागोच्या मराठी मंडळांना माझं सांगणं आहे की वर्षातली एक सहल बी गोळा करायला ठेवा. ऑक्टोबरातल्या फर्मिलॅबच्या माळापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

फर्मिलॅबचं नाव आलंच आहे तर तिथली गोष्ट सांगायलाच हवी. बटाविया गावाजवळची ही कणभौतिकीची प्रयोगशाळा. कित्येक मराठी शास्त्रज्ञांनी तिथं काम केलंय. १९७० च्या दशकात रॉबर्ट बेट्झ नावाचे जीवशास्त्राचे प्राध्यापक तिथल्या पहिल्या संचालकांकडे, रॉबर्ट विल्सन यांच्याकडे गेले आणि म्हणाले की तुमच्या त्वरकाच्या प्रचंड कड्याच्या आत मोकळी जमीन पडली आहे, तिथं प्रेअरी परत आणू. किती वर्षं लागतील, असं विल्सननी विचारलं. पाच, दहा, वीस, कदाचित त्याहूनही जास्त, असं बेट्झ यांनी सांगितलं. तसं असेल तर आज दुपारीच सुरुवात करू या, असं विल्सन म्हणाले. १९७५ मध्ये पहिला दहाएक एकरांचा तुकडा पेरला गेला. बी आलं कुठून, तर दफनभूमींच्या आणि रेल्वेकडेच्या त्या उरल्यासुरल्या पट्ट्यांतून, माणसांनी मुठीनं ओरबाडून. आज तिथं हजारेक एकरांवर प्रेअरी आहे आणि दर शरदात साधी माणसं बादल्या घेऊन बी गोळा करायला येतात. १९८६ पासून नाचुसा इथं नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनं स्वयंसेवकांच्या हातांनी हेच केलं. २०१४ मध्ये तिथं बायसन, म्हणजे अमेरिकेतले रानगवे परत आले, पण त्याआधी जवळजवळ तीस वर्षं माणसं बी पेरत होती.

हे सगळं लिहिताना मनात दुसरा माळ सारखा येत राहतो. सोलापूर, पुणे, नगरकडचा. तिथं गवताच्या जमिनीला आपण सरकारदरबारी पडीक म्हणत आलो. २०१९ ची ३३ कोटी झाडांची मोहीम आठवा. वनीकरणात गिरिपुष्पासारखी झाडं माळावर खड्डे खणून लावायची आणि त्याला पुण्य म्हणायचं, हे आपण वर्षानुवर्षं करत आलो. लांडगा, खोकड, धाविक, एकेकाळचा नान्नजचा माळढोक, यांना झाड नको, गवत हवं. आणि त्या गवताबरोबर शतकानुशतकं मेंढ्या घेऊन फिरलेला धनगर हवा. इथं आम्ही पोटावाटोमींना हाकलून त्यांची आग गमावली आणि आता तीच आग परवाने काढून, पिवळे अंगरखे घालून परत शिकतो आहोत. तिथं निदान धनगर अजून आहे. कडबनवाडी, शिरसुफळला वनविभागानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आणि गावातली मुलं वाटाडे म्हणून घेतली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण जीपमधून लांडगा बघून पुण्याला परतणाऱ्या माणसाला मी आईचाच प्रश्न विचारीन. त्या माळावर लावलेली गिरिपुष्पं कोण काढणार? तुम्ही एक शनिवार द्याल का, आणि तो मेंढपाळ काय सांगतो ते ऐकाल का?

आमच्या इथं दोन वर्षांपासून मी फेरीनंतर अर्ध्या तासाचं काम सुरू करून घेतलंय. सोपं नव्हतं. आधी विम्याचा कागद, मग हातमोजे किती लागतील, मग कुणी म्हणालं लोकांना आवडणार नाही. पहिल्या मे महिन्यात निम्मे लोक गाडीकडे गेलेच. उरलेल्यांनी गार्लिक मस्टर्डच्या चार पिशव्या भरल्या. त्यातले काही जण पुढच्या महिन्यात परत आले, एकजण आता दर शनिवारी येतो.

माळाच्या उत्तरेला एक बाई राहतात. त्यांना आमचं झाडं तोडणं अजिबात पसंत नाही, आणि त्यांनी ते काउंटीला लेखी कळवलं आहे. गेल्या शरदात मी त्यांच्या दारी जाऊन फेरीचं आमंत्रण दिलं. त्या आल्या. सगळं ऐकून घेतलं, बी गोळा केलं नाही, आणि जाताना स्वच्छ सांगितलं की त्यांचं मत तेच आहे. यंदा मार्चमध्ये माळ पेटवायचा होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. वारा उत्तरेकडे असेल का, खिडक्या किती वाजता लावून घेऊ, आणि त्या कोपऱ्यातल्या ओकवर घुबडाचं घरटं आहे, ते तुमच्या नकाशावर आहे का? नव्हतं. आम्ही सकाळी सहाला जाऊन तो कोपरा आगीतून वगळला.